हवेच्या डब्यातली लोकर

आमच्या इंजिनाला मेंढीचा वास यायचा. कॉलेजात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, कारण ज्याला ते माहीत होतं तो माझ्याच वर्गात होता.

पिंपरी पेंढारच्या पुढे हमरस्ता सोडून आत वळलं की ओढ्याच्या अंगाला आमची वस्ती लागते. तिथे एक विहीर होती आणि विहिरीच्या काठावर, दगडी ओट्यात घट्ट बसवलेलं, पाण्याचं डिझेल इंजिन होतं. मोठ्या चाकाचं, हिरव्या रंगाचं, हँडल मारून चालू करायचं. विहीर आणि इंजिन, दोन्ही भागीत. अर्धा हिस्सा अण्णांचा, अर्धा आमचा. अण्णा म्हणजे शेजारचे बागायतदार. त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या जमीन होती आणि आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मेंढरं. मी शाळेत असताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाच-सहा मेंढ्या ठेवून बाकीचा सगळा कळप विकला आणि अण्णांच्या लगतचा एक तुकडा घेतला. त्या तुकड्याबरोबर विहिरीत आणि इंजिनात अर्धा वाटा आला.

हा वाटा दादांना काय वाटत होता, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. मी अगदी लहान असताना आम्ही मेंढरं घेऊन फिरायचो. ऊन वर आलं की दादा कुणाच्या तरी विहिरीवर जायचे. वहाणा लांब काढायचे आणि विहिरीपासून दहा हात मागे उभे राहायचे. मालकाचं लक्ष गेलं की विचारायचे, ‘पाजू का?’ मालक कधी लगेच ‘पाजा’ म्हणायचा, कधी बैल सोडायचे असायचे, कधी तो जेवायला बसलेला असायचा. मेंढरं माना खाली घालून धापा टाकत असायची आणि दादा तिथेच उभे असायचे. ते कधी बसले नाहीत. परक्याच्या विहिरीवर बसायचं नसतं, असं ते म्हणायचे.

म्हणून वाटा घेतल्यावर पहिल्यांदा आमची पाळी आली, त्या दिवशी दादा पहाटेच विहिरीवर जाऊन बसले होते. उजाडल्यावर त्यांनी इंजिन चालू केलं. पाईपातून पाणी पडलं तसं ओंजळीने प्यायले, तोंडावर मारलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘कुनाला इचारलं का आपन? न्हाई ना?’

एवढाच तो वाटा होता. पाणी न मागण्याचा.

आता लोकरीचं. इंजिन जिथून हवा आत ओढतं तिथे एक पत्र्याचा डबा असतो. धूळ अडावी म्हणून त्यात जाळी असते. आम्ही वाटा घेतला तेव्हाच आमच्या डब्यातली जाळी गंजून तिचा भुगा झाला होता. दादांनी ती झटकून टाकली आणि तिच्या जागी लोकर भरली. साधी नाही. ओढ्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे, पिंजून मोकळी करायचे, तिला जरा तेलाचा हात लावायचे आणि मग डब्यात बसवायचे. वरून जुन्या घोंगडीचा तुकडा तारेने आवळायचे. तेल ओतायच्या तोंडाचं झाकणही कधीतरी हरवलं होतं. तिथेही त्यांनी लोकरीचा बोळा दाबून बसवला होता.

‘मेंढरू दिसभर फुफाट्यात चरतं,’ ते मला समजावून सांगायचे, ‘पर त्याच्या कातड्याला धूळ लागती का? न्हाई. समदी लोकरीत अडकती. मंग इंजिनाला का लागंल?’

लहान होतो तेव्हा मला हे फार पटायचं. पण दमट हवेत इंजिन तापलं की त्या डब्यातून ओल्या मेंढीचा वास यायचा आणि त्यात थोडा करपलेल्या केसांचा. पाळीच्या दिवशी तो माझ्या शर्टाला लागायचा. त्याच शर्टावर मी एसटीने जुन्नरला कॉलेजात जायचो. मी सायन्सला होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. वर्गात मी खिडकीजवळची जागा धरायचो, वास बाहेर जाईल म्हणून.

अण्णांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. स्वभावाने वाईट नव्हता. वही द्यायचा, डबा द्यायचा. पण एसटीत मागच्या बाकावर सगळे जमले की त्याला चेव यायचा.

‘काय राव, आज पाळी कुनाची? सकाळी इंजिन बें बें करीत व्हतं म्हनून इचारतो.’

सगळे हसायचे. मीही हसायचो. माझं ते हसणं मला अजून आठवतं.

एकदा मी दादांना म्हणालो, ‘आळेफाट्याला तयार फिल्टर मिळतात. आपण एक आणू या.’

‘मिळत्यात की. पर लोकरीला काय झालंय?’

याचं उत्तर एसटीच्या मागच्या बाकावर होतं. ते मला सांगता येईना. मी म्हणालो, ‘काही नाही. सहज.’

ते म्हणाले, ‘आनि भागीतल्या इंजिनाला एकट्यानं कशापायी आनायचं?’

हेही खरं होतं. भागीतल्या वस्तूची एक रीत असते. ती कुणी ठरवत नाही, पण दोन्ही बाजूंना पाठ असते. ज्याची पाळी त्याने डिझेल आणि ऑईल बघायचं. इंजिनाची पट्टी बाहेर ओढली की ऑईल कुठवर आहे ते कळायचं. खुणेच्या खाली गेलं की भर घालायची. पण खुणेपर्यंत कुणीच भरत नसे. दोघेही एक बोट खाली ठेवायचे, म्हणजे पुढच्या पाळीवाल्याला ओतावं लागेल. आणि सगळं जुनं ऑईल काढून नवं भरणं तर कुणाच्या मनातही आलं नाही. आपण बदलायचं आणि उद्या दुसऱ्याने त्यावर पाणी काढायचं? आम्ही सुटं ऑईल डबा नेऊन आणायचो, दुकानदार देईल ते. अण्णांकडे ट्रॅक्टर होता. त्याचं काढलेलं जळकं ऑईल त्यांच्या गोठ्यामागच्या पिंपात असायचं. त्यांच्या पाळीला इंजिनात तेच जायचं. हे मला माहीत होतं. पट्टी पुसताना बोटाला कळायचं. पण आमच्या डब्यात लोकर होती, त्यामुळे मी कधी बोललो नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होतो. माघातले दिवस, कांदा पोसायला लागला होता. तेव्हा इंजिन दमायला लागलं. आधी हँडल मारून मारून हात गळून जायचे. मग धूर निळा झाला. मग आतून ठोका ऐकू येऊ लागला आणि एके दिवशी अण्णांच्या पाळीला ते बंद पडलं ते पडलंच.

आळेफाट्याहून मेकॅनिकला बोलावलं. तो मोपेडवर आला, तोंडात तंबाखू, पाठीला अवजारांची पिशवी. विहिरीवर अण्णा, त्यांचा मुलगा, दादा, मी आणि रस्त्याने जाताजाता थांबलेले दोघं-तिघं होते. मेकॅनिकने आधी हवेच्या डब्याची तार कापली, घोंगडीचा तुकडा उचलला आणि आत हात घातला. काळी चिकट लोकर बाहेर यायला लागली. तो ओढत राहिला, ती येत राहिली.

‘आयला! ह्यात मेंढरू कुनी कोंबलंय?’

पहिलं हसू रस्त्याच्या बाजूने आलं. दादाही हसले. म्हणाले, ‘म्याच भरलीया. गाळणी म्हनून.’

‘पावणं, ही गाळणी न्हाई, गादी हाय. इंजिनाला झोप लागली तर त्याचा काय दोष?’

आता सगळेच हसले. अण्णांचा मुलगा मात्र हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि मला त्याने हसलेलं परवडलं असतं.

मेकॅनिकने हेड खोललं. रिंगा गेलेल्या, लायनरला ओरखडे. काम मोठं होतं. अण्णा बराच वेळ ते बघत बसले. मग दादांना म्हणाले, ‘पावणं, राग मानू नका. पर ह्यो खर्च आता तुमचा. लोकर तुमची.’

अण्णांचा आवाज वाईट नव्हता, ते समजावल्यासारखं बोलत होते. ‘न्हाईतर असं करा, इंजिनातला तुमचा वाटा सोडून द्या. आमी आमचं बघतो. तुमाला पानी लागलं तर मागा की, न्हाई कोन म्हनतंय? शेजारी हाय तुमी.’

मागा की. हा शब्द ऐकल्यावर दादांची मान एका बाजूला वळली, ओढ्याकडे. मला त्यांचा चेहरा दिसला नाही. दिसला नाही ते बरं झालं, असं तेव्हा वाटलं.

‘लोकरीनंच गेलं कशावरनं?’ दादा शेवटी म्हणाले.

मेकॅनिकने हात वर केले. ‘माझ्या तोंडाकडं बघू नका. मी मोडलेलं नीट करतो. कुनी मोडलं त्ये मला इचारायचं न्हाई.’

तेव्हा अण्णा माझ्याकडे वळले. ‘ह्यो सायन्सला हाय ना? आमचंबी येडं तिथंच जातंय, पर त्याचा काय उपेग न्हाई. ह्याला मास्तर लोक नावाजत्यात म्हनं. त्यानं सांगावं. लोकरीनं गेलं म्हनला तर तुमी वाटा सोडा. न्हाई म्हनला तर निम्मं निम्मं. मला मान्य.’

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शंका नव्हती. मी कॉलेजात जातो म्हणजे मला हे माहीत असणारच, आणि मला माहीत असलं म्हणजे ते आमच्या बाजूचंच असणार, अशी ती नजर होती. मला इंजिनातलं काही माहीत नव्हतं. आम्ही प्रयोगशाळेत काचेच्या बारीक नळीतून द्रव सोडायचो, कोणता किती वेळात उतरतो ते मोजायचो आणि त्यावरून कोण किती दाट ते काढायचो. तेवढाच माझा नि तेलाचा संबंध.

मी म्हणालो, ‘आत्ता सांगता येणार नाही. बघावं लागेल.’

‘बघू द्या त्याला,’ दादा सगळ्यांना म्हणाले. ‘घाईचं काम न्हाई त्ये.’ आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी फक्त वेळ काढत होतो.

खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत इंजिनातलं ऑईल भरून मी ते कॉलेजात नेलं. ऑईल कसलं, काकवी. बाटली उलटी केली तरी ते खाली यायचा विचार करायचं. आमच्या सरांना मी सगळं सांगितलं नाही, फक्त ‘आमच्या इंजिनाचं तेल तपासायचंय’ म्हणालो. ते खूश झाले. म्हणाले, ‘करा की. पुस्तकाबाहेरचं कुणी काही करतच नाही.’ मी नळीत ऑईल घातलं आणि नळी तुंबली. सरांनी कपाळाला हात लावला.

‘अरे, आधी गाळायला नको का? थोडं रॉकेल घालून पातळ कर आणि फिल्टर पेपरवर गाळ. वर काय राहतं ते तरी दिसेल.’

मी काचेच्या नरसाळ्यात गोल कागद घडी घालून बसवला. पातळ केलेलं ऑईल थोडं थोडं ओतलं. ते फार हळू उतरत होतं. अण्णांचा मुलगा माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, आणि जा म्हणायला मला जमलं नाही. दोघं थेंबांकडे बघत बसलो.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘आमी आमच्या पाळीला ट्रॅक्टरचं जळकं आईल टाकतो.’

‘माहितीय.’

‘तुला माहीत व्हतं?’

‘पट्टीवर दिसतं.’

‘मंग कधी बोलला न्हाईस त्ये?’

मी नरसाळ्यात आणखी थोडं ऑईल ओतलं. तो म्हणाला, ‘बसमधी मी बोलायचो म्हनून?’

‘नाही,’ मी म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं, पूर्ण खोटंही नव्हतं.

सगळं उतरल्यावर कागद स्वच्छ रॉकेलने धुतला आणि पंख्याखाली वाळवला. त्यावर काळा थर होता, कोळशाच्या भुकटीसारखा. उजेडात तिरका धरला की त्यात लोखंडाचे बारीक कण चमकत होते. आणि त्या काळ्यातून वर आलेले केस. ते बघायला भिंगाची गरज नव्हती. तरी सरांनी भिंग दिलं. भिंगातून ते नागमोडी, वळणावळणाचे दिसले. लहानपणापासून मी तेच पिंजत आलो होतो.

‘हे तंतू कसले?’ सरांनी विचारलं.

मी मान खाली घातली. अण्णांच्या मुलाने सांगितलं, ‘लोकर हाय सर.’ मग घाईघाईने पुढे म्हणाला, ‘म्हणजे कशाने तरी पडली असेल.’

‘याच्यामुळे इंजिन खराब होतं का, सर?’ मी विचारलं.

‘यामुळे, की या काजळीमुळे, की या लोखंडामुळे, हे एका कागदावरून कसं सांगू?’ सर म्हणाले. ‘पण यातलं काहीच आत असायला नको होतं, एवढं नक्की.’

परतताना एसटीत मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरला होता. खिडकी उघडी होती. पिशवी बाहेर सोडून द्यायला काहीच लागलं नसतं. कागद फाटला, भिजला, काही दिसलं नाही, असं सांगता आलं असतं. शेजारी तो बसला होता. तो बघत होता म्हणून मी कागद ठेवला की एरवीही ठेवला असता, हे मला आजही ठरवता येत नाही. आळेफाटा आला, गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे विहिरीवर जमलो. मेकॅनिकही होता, काम कुणाच्या नावावर करायचं ते विचारायला आलेला. मी पिशवीतून कागद काढला आणि इंजिनाच्या ओट्यावर ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून दादांनीच त्याच्या कडेवर खडा ठेवला.

‘सांग,’ ते म्हणाले.

मी म्हणालो, ‘आईल गाळलं. त्यात लोकर निघाली.’

मी प्रमाण भाषेत बोलायचं ठरवून आलो होतो आणि ‘आईल’ म्हणालो, हे मला तेव्हाही जाणवलं. दादा कागदावर वाकले. त्यांनी एक केस बोटाच्या टोकाने उचलला, उजेडात धरला. त्यांना भिंग लागलं नाही.

‘आपलीच हाय,’ ते हळू म्हणाले.

‘बघा!’ अण्णा बाकीच्यांकडे वळले. ‘मी काय म्हनत व्हतो?’

‘आणि हे काळं आहे ते...’ मी बोलायला लागलो आणि थांबलो. पुढचं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. पण ते मी बोललो असतो तर बापाची लोकर झाकायला शेजाऱ्याचं उणं काढतोय असं झालं असतं. दोष आमचा आधी निघाला होता. ज्याचा आधी निघतो त्याला दुसऱ्याचा काढायचा हक्क राहत नाही, असं मला वाटलं. मी कागदाकडे बघत उभा राहिलो. दादा माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

‘काळं आपलं हाय, अण्णा.’ अण्णांचा मुलगा म्हणाला. ‘ट्रॅक्टरचं जळकं.’

‘तुला कुनी इचारलं रं?’

‘कुनी न्हाई. मी बघितलं सोताच्या डोळ्यांनी. गाळताना तिथंच व्हतो.’

‘लई शाना झालास का?’

‘तुमीच म्हनला ना, कॉलेजात जातो त्याचा उपेग न्हाई म्हनून.’

रस्त्याच्या बाजूने पुन्हा कुणीतरी हसलं. अण्णांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात उगारला आणि इतकी माणसं बघून तो डोक्याच्या टोपीवर नेला.

मेकॅनिकने तंबाखू थुंकला. ‘आता मला एक सांगा. समदं आईल काढून नवं कव्हा टाकलं व्हतं?’

अण्णांनी दादांकडे बघितलं. दादांनी अण्णांकडे.

‘भर तर घालतच व्हतो की,’ अण्णा म्हणाले.

‘व्हय, भर घालत व्हतो,’ दादांनी मान हलवली. त्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

‘म्हंजी कधीच न्हाई,’ मेकॅनिक म्हणाला. ‘आता दोघांचंबी नाक कापलं गेलंय. मी कामाला लागू का?’

निम्मं निम्मं ठरलं. आमचा वाटा राहिला. मी जिंकून आल्यासारखं दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण तो हात लगेच काढला. त्या हाताला लोकरीची काजळी होती आणि माझा शर्ट कॉलेजाचा होता.

इंजिन उभं राहिल्यावर ऑईल आणायला दोघंही आळेफाट्याला गेले, एकमेकांवर विसंबून राहायला कुणी तयार नव्हतं म्हणून. मलाही नेलं. दुकानात कॅनच्या रांगा होत्या. दुकानदाराने विचारलं, ‘कशाला पायजे? ट्रॅक्टर, जीप, का पान्याचं इंजिन?’

‘पान्याचं इंजिन,’ अण्णा म्हणाले. ‘भारीतलं द्या.’

‘भारीतलं म्हंजी कसलं? दाट का पातळ?’

अण्णा म्हणाले दाट. दादा काहीच म्हणाले नाहीत. ते माझ्याकडे बघायला लागले. अण्णाही बघायला लागले. मी कॅन फिरवून आकडे वाचले. मग चाचरत सांगितलं की साधं चाळीस नंबर सकाळच्या गारठ्यात फार दाट होतं, म्हणून हँडल जड जातं. वीस-चाळीस लिहिलेलं असतं ते गारठ्यात पातळ राहतं आणि इंजिन तापल्यावरही फार सैल पडत नाही. पण जुन्या सावकाश चालणाऱ्या इंजिनाला कोणतं बरं, हे मला नक्की माहीत नाही, इंजिनाच्या कंपनीने काय लिहिलंय ते बघायला हवं. दुकानदार म्हणाला, कंपनीचं पत्रक माझ्याकडं हाय, त्यात तुमच्या जातीच्या इंजिनाला थंडीत तीस नंबर आनि उन्हाळ्यात चाळीस लिवलंय, आता ऊन वाढंल, चाळीसच न्या. सगळा प्रश्न तिथेच संपला. माझं एवढं बोलणं कशालाच लागलं नाही. तरी दादा दुकानाबाहेर येताच अण्णांना म्हणाले, ‘बघितलं ना, कसं समदं सांगितलं त्यानं.’

हवेसाठी आम्ही जाळीचा नवा डबा घेतला. त्याच्या तळाला वाटी असते, तिच्यात थोडं ऑईल ओतायचं असतं. हवा त्या तेलावरून जाळीत जाते आणि धूळ तेलाला चिकटते. विहिरीवर तो बसवताना मी दादांना हे सांगितलं. त्यांनी वाटीत बोट बुडवून बघितलं.

‘म्हंजी हितंबी तेलच?’

‘हो.’

‘धूळ तेलाला चिकटती.’

‘हो.’

‘मंग म्याबी तर लोकरीला तेल लावत व्हतो.’

मी म्हणालो, ‘लोकरीचे केस सुटतात, दादा. जाळीचे सुटत नाहीत.’ हे बरोबर होतं. बरोबर बोललो आणि तोंड कडू झालं.

त्यानंतर भागीची रीत बदलली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली अवजारं धुऊन पुजतात. त्या दिवशी दोन्ही घरांनी विहिरीवर यायचं, सगळं जुनं ऑईल काढायचं, नवं खुणेपर्यंत भरायचं, हवेचा डबा खोलून जाळी धुवायची आणि मग इंजिनाला हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. मधल्या काळात ऑईल काळं पडलं की दोघांनी मिळून बदलायचं. जळक्या ऑईलचं पिंप गोठ्यामागेच राहिलं, ते आता कुडाच्या लाकडी मेढींना वाळवी लागू नये म्हणून फासतात.

मला वाटलं होतं, वाटा वाचला म्हणजे सगळं वाचलं. पहिल्या खंडेनवमीला मी सुट्टीवर घरी होतो. अण्णांनी आणि त्यांच्या मुलाने खालचा बोल्ट काढून जुनं ऑईल परातीत सोडलं. दादांनी नवं भरलं, पट्टी दोनदा बघितली. मग हवेचा डबा खोलायची वेळ आली. त्या डब्याला हात लावणारा आमच्या विहिरीवर आजवर एकच माणूस होता. मी पाना त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी धोतराला हात पुसले. ‘न्हाई. ह्ये तू बघ.’

‘तुम्हीच करा की दादा, सोपं आहे.’

‘न्हाई न्हाई. आपल्याला त्यातलं कळत न्हाई.’ ते हसून अण्णांना म्हणाले, ‘ह्यो बघंल. ह्यो शिकलाय.’

मी ओट्यावर बसून डबा खोलला. जाळी काढली, रॉकेलमध्ये बुडवली. वासासाठी म्हणून मी नाक जवळ नेलं. रॉकेलचा होता, ऑईलचा होता. दुसरा कसलाच नव्हता. इतकी वर्षं जो वास शर्टावरून घालवायची मी धडपड केली, तो गेला होता.

डोकं वर केलं तेव्हा दादा जवळ नव्हते. वहाणा ओट्यापासून लांब काढून ठेवलेल्या होत्या आणि ते विहिरीपासून थोडे मागे, उन्हात उभे होते. बसले नव्हते. इंजिन अर्धं त्यांचं होतं. विहीर अर्धी त्यांची होती.

‘दादा, इकडं या ना,’ मी म्हणालो.

ते एक पाऊल पुढे आले. त्यांनी माझ्या हातातल्या जाळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘धू लागू का?’ त्यांनी विचारलं.

मी जाळी त्यांच्या हातात दिली. अण्णांचा मुलगा समोर होता, म्हणून मी खाली बघून वाटी पुसत राहिलो.